रिकाम्या खुर्च्यांच्या मालकास

श्री. जॉन फिशर यांस,

पत्राच्या वर 'सप्रेम नमस्कार' लिहायची आमच्याकडे रीत आहे. सप्रेम लिहिण्यासारखं तुम्ही काही शिल्लक ठेवलेलं नाही, तेव्हा नुसता नमस्कार घ्या.

मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. इथून बार्टच्या लोकल गाडीत बसलं की थोड्या वेळात कोलिसियम स्टेशन येतं. त्या स्टेशनापासून मैदानापर्यंत जो लांबलचक पूल जातो, त्याच्यावर सॉसेज आणि कांदा परतणाऱ्या गाड्यांचा धूर असायचा, हिरवे-पिवळे टी-शर्ट विकणारे असायचे, आणि उजवीकडच्या स्टँडातले ढोल पुलावरच ऐकू यायला लागायचे. बेसबॉलचं वेड मला या मैदानानं लावलं, ओकलंड ॲथलेटिक्सनं लावलं. २६ सप्टेंबर २०२४ला त्या संघाचा तिथला शेवटचा सामना झाला. १९६८पासूनचे ५७ हंगाम त्या दिवशी संपले. ते आपोआप संपले नाहीत. तुम्ही संपवलेत. कसे संपवलेत, हे माझ्या भाषेच्या वाचकांपुढे मांडायचं आहे म्हणून पत्र मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचावंसं वाटलं तर दुभाषा परवडेल. 'गॅप' ही कपड्यांची दुकानं ज्यांनी उभारली त्या घरातले तुम्ही आहात.

तुमचं म्हणणं जगाला पाठ झालं आहे: ओकलंडमध्ये प्रेक्षक येत नव्हते, मैदान मोडकळीला आलं होतं, नवं बांधायचा प्रयत्न केला पण जमलं नाही, म्हणून नाइलाजानं लास व्हेगास. यातला शब्द न् शब्द तुमच्याच करणीचा परिणाम आहे. खुर्च्या तुम्ही रिकाम्या केल्यात आणि मग त्याच रिकाम्या खुर्च्या पुरावा म्हणून दाखवल्यात. माझा आरोप एवढाच आहे.

२०१९चा ऑक्टोबर आठवा. आदल्या वर्षी संघानं ९७ सामने जिंकले होते, त्या वर्षीही ९७. बाद फेरीतला वाइल्ड कार्डचा सामना कोलिसियमवर झाला, टँपा बेशी. त्या रात्री मैदानात ५४,००५ माणसं होती. वाइल्ड कार्डच्या सामन्याला तोवर कुठल्याच शहरात एवढी गर्दी झाली नव्हती. मैदान तेच होतं, शहरही तेच. आपण हरलो. पण माणसं आली होती.

मग तुम्ही कामाला लागलात. २०२१चा हंगाम संपला आणि पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये मॅट ओल्सन अटलांटाला गेला, मॅट चॅपमन टोरांटोला, ख्रिस बॅसिट न्यू यॉर्कला, शॉन मनाया सॅन डिएगोला. ज्यांच्या नावाचे शर्ट घालून पोरं मैदानावर यायची, त्यांतला एक एक माणूस तुम्ही एकाच वसंतात काढून टाकलात. पुढे ओल्सननं अटलांटासाठी २०२३ मध्ये ५४ होम रन मारले. मार्कस सेमियन तर ईस्ट बेमधलाच मुलगा. त्याला २०२० नंतर तुम्ही जाऊ दिलंत आणि २०२३ मध्ये त्यानं टेक्सासकडून वर्ल्ड सिरीज जिंकली. संघ असा सोलून काढत असतानाच बऱ्याच सीझन तिकिटांचे भाव तुम्ही दुपटीच्या घरात नेलेत. माल काढून घ्यायचा आणि किंमत वाढवायची, या धोरणाचं फळ हवं तसं मिळालं. १५ मे २०२३ला ॲरिझोनाविरुद्धच्या सामन्याला २,०६४ माणसं आली. तो आकडा देशभर फिरला, आणि तुमच्या बाजूच्या लोकांनी तो हसत हसत फिरवला.

गिरगावातल्या चाळीच्या मालकाला टॉवर बांधायचा असला की तो आधी गच्चीची डागडुजी बंद करतो, मग जिन्याचा कठडा मोडला तरी बसवत नाही, आणि चार पावसाळ्यांनी महापालिकेची 'धोकादायक इमारत' ही पाटी लागली की भाडेकरूंना म्हणतो, बघा, इथे माणसानं राहावं तरी कसं! कोलिसियमचं तुम्ही तेच केलंत. सांडपाणी तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत आलं, भटक्या मांजरांनी घर केलं, समालोचकांच्या खोलीत पॉसम शिरला. जगानं फोटो पाहिले. त्या जागेतला अल्मेडा काउंटीचा अर्धा हिस्सा साडेआठ कोटी डॉलरला घ्यायचा करार तुम्ही २०१९मध्येच केला होतात, हे त्या फोटोंखाली कुणी लिहिलं नाही.

नव्या मैदानासाठी प्रयत्न केल्याचं तुम्ही सांगता. २००५ मध्ये लू वुल्फ यांच्याबरोबर तुम्ही हा संघ १८ कोटी डॉलरला घेतलात. त्यानंतरची पहिली मोठी योजना आमच्या फ्रीमाँटचीच होती. इथे जागा ठरली, चित्रं छापून आली, आणि २००९ मध्ये तुम्ही ती गुंडाळलीत. मग सॅन होजे. तिथे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी आपला हद्दीचा हक्क सांगितला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२२ मध्ये बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून जी सूट दिली, तिच्या आड ही हद्द अजूनही सुरक्षित आहे; सॅन होजे शहर कोर्टात जाऊन हरलं. हा दोष तुमचा नाही, हे मान्य. पण हॉवर्ड टर्मिनल? ओकलंडच्या बंदरावर मैदान, घरं, दुकानं, हॉटेलं असा १,२०० कोटी डॉलरचा आराखडा तुम्हीच आणलात. म्हणजे मागितलं मैदान आणि त्याच्या आडून अख्खं उपनगर. शहरानं तरीही बोलणी सोडली नाहीत, पर्यावरणाचा अहवाल मंजूर केला, रस्ते आणि पुलांसाठी सरकारी पैसे उभे केले. आणि २०२३च्या एप्रिलमध्ये, बोलणी चालू असतानाच, बातमी आली की तुम्ही लास व्हेगासमध्ये जमीन धरली आहे. ओकलंडच्या तोंडाला पानं पुसायला तुम्हाला एक दिवस पुरला.

त्या उन्हाळ्यातली १३ जूनची रात्र मी जन्मभर विसरणार नाही. चाहत्यांनी ठरवलं होतं की बहिष्कार उलटा घालायचा: मैदान भरून टाकायचं. मंगळवारची रात्र, संघ गुणतक्त्याच्या तळाला, आणि तरी २७,७५९ माणसं आली. हजारो अंगांवर एकच हिरवा शर्ट, त्याच्यावर एकच शब्द: 'सेल'. विका. तो शर्ट चाहत्यांनी स्वतः पैसे गोळा करून छापला आणि पार्किंगमध्ये फुकट वाटला. पाचवी इनिंग सुरू झाली तेव्हा पहिल्या बॅटरपुरतं सगळं मैदान गप्प उभं राहिलं. ढोल थांबले. पिचरचा चेंडू कॅचरच्या हातमोज्यात बसल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत आला. आणि मग एकदम गर्जना उठली, 'सेल द टीम'. माझ्या शेजारी एक आजोबा होते. शर्टाची बाही वर सरकवून ते मोठ्यानं ओरडत होते, आणि त्यांचा नातू त्यांच्याकडे बघून ओरडत होता. आपण २-१ जिंकलो, तेही त्या वर्षीच्या अतिशय बलाढ्य टँपाला हरवून.

त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटनं तुमच्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरचा सरकारी पैसा मंजूर केला. आणि बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड त्या गर्दीबद्दल काय म्हणाले, तर एका रात्रीपुरती का होईना, मेजर लीगच्या सरासरीच्या आसपास गर्दी दिसली हे छान झालं, अशा अर्थाचं. पन्नास-पंचावन्न वर्षं ज्यांनी हा खेळ जोपासला त्यांच्याबद्दल खेळाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यानं असं बोलावं! नोव्हेंबरात ३० मालकांनी एकमतानं तुमच्या स्थलांतराला मान्यता दिली. तिसांतल्या एकाचाही हात आडवा आला नाही.

आता २०२४चं. ज्या हंगामाबद्दल खरं तर सगळं पत्र लिहायचं होतं तो हा. त्याआधीच्या वर्षी आपण १६२ पैकी ११२ सामने हरलो होतो. २०२४ मध्ये ६९ जिंकले, ९३ हरले. कागदावर हेही हलाखीचंच दिसतं. पण जे तो हंगाम बघत होते त्यांना विचारा. पगाराची यादी सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वात हलकी, मालक निघालेला, घर सुटणार हे ठरलेलं, आणि अशा वेळी ही पोरं जुलैमध्ये हरण्यापेक्षा जिंकायला जास्त लागली. ब्रेंट रूकरला याआधी दोन-तीन संघांनी सोडून दिलं होतं. त्यानं ३९ होम रन मारले. लॉरेन्स बटलरला मे महिन्यात खालच्या लीगमध्ये परत धाडलं होतं. तो परत आला आणि १४ जुलैला फिलाडेल्फियात एकाच सामन्यात तीन होम रन मारले. फिलीजसारख्या तगड्या संघाला आपण त्यांच्याच मैदानावर १८-३ असं लोळवलं. दोन आठवड्यांनी बटलरनं तेच पुन्हा करून दाखवलं. आणि नवव्या इनिंगला मेसन मिलर यायचा. ताशी १०० मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर त्याचे चेंडू सहज जायचे. समोरचा बॅटर बॅट हलवायचा तेव्हा चेंडू हातमोज्यात गेलेला असायचा. या संघाला दोन चांगले पिचर आणि एका महिन्याची सबुरी मिळाली असती तर काय झालं असतं, हा विचार ऑगस्टभर डोक्यातून जात नव्हता.

हंगामाच्या पहिल्या सामन्याला हजारो लोक आले आणि आत न जाता पार्किंगमध्येच थांबले. तुमच्या खिशात त्यांना पैसे टाकायचे नव्हते. मी त्यांना दोष देत नाही. मी आत गेले, कारण मला पोरांचा खेळ बघायचा होता, आणि माझ्या मते दोघंही बरोबर होतो. माणसाला आपल्या संघावर प्रेम करायचं की त्याच्या मालकाला शिक्षा करायची, यांतलं एक निवडायला लावलंत, याचा राग मला हरलेल्या ९३ सामन्यांपेक्षा जास्त आहे.

आणि मग २६ सप्टेंबरचा तो गुरुवार. दुपारचा सामना. सकाळी आठालाच पार्किंगच्या रांगा रस्त्यावर आल्या होत्या. पहिला चेंडू टाकायला रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्ट्युअर्ट आले. दोघंही ओकलंडमध्ये वाढलेले, दोघंही इथल्या शाळांच्या मैदानांवरून वर आलेले. इथलाच जुना पिचर बॅरी झिटो, त्यानं राष्ट्रगीत म्हटलं. समोर टेक्सास रेंजर्स, आदल्या वर्षीचे जगज्जेते. आणि मैदानात ४६,८८९ माणसं. कुठेही खुर्ची रिकामी नव्हती. आपण ३-२ जिंकलो. मिलरनं शेवटचा माणूस बाद केला तेव्हा जो आवाज उठला तो आनंदाचा होता की हंबरड्याचा, मला अजून सांगता येत नाही. मॅनेजर मार्क कॉटसे माइक घेऊन मैदानात उभा राहिला, लोकांचे आभार मानले आणि शेवटची एकदा 'लेट्स गो ओकलंड'ची आरोळी द्यायला सांगितली. मैदानाची माती राखणाऱ्या माणसांनी तीच माती ओंजळींनी लोकांना वाटली. एका पोलिसानं आपली टोपी पुढे धरली आणि माती घेतली. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईनं प्रोटीन पावडरच्या रिकाम्या डब्यात घेतली, झाकण घट्ट लावलं आणि डबा पोटाशी धरून ती बराच वेळ खाली बसून राहिली.

तुम्ही त्या दिवशी कुठे होतात? तीन दिवस आधी चाहत्यांना तुमचं पत्र आलं होतं: आम्ही प्रयत्न केला, जमलं नाही, मनापासून वाईट वाटतं. पत्र पाठवायला हिंमत लागत नाही, तिथे येऊन उभं राहायला लागते. २०२० मध्ये करोनाच्या काळात खालच्या लीगमधल्या पोरांचे आठवड्याचे ४०० डॉलर तुम्ही बंद केले होतेत. अब्जाधीश माणसानं, आठवड्याचे ४०० डॉलर! सगळीकडून छी-थू झाली तेव्हा चूक कबूल करून ते परत चालू केलेत. म्हणजे लाज वाटायला लावली तर तुम्हाला वाटते. ओकलंडनं एवढा जोर लावला, तरी या खेपेला वाटली नाही.

कोलिसियम म्हणजे नुसतं काँक्रीट नव्हतं, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं. १९७२, ७३, ७४ अशा सलग तीन वर्ल्ड सिरीज आणि १९८९ची चौथी, या त्याच घरात आल्या. २००२ मध्ये कमी पैशांत संघ बांधून संघाचा कारभारी बिली बीन यानं सलग २० सामने जिंकून दाखवले आणि त्याच्यावर आधी पुस्तक, मग ब्रॅड पिटचा सिनेमा आला. पुण्यामुंबईत ज्यांना बेसबॉलचा एक नियम ठाऊक नाही त्यांनीही तो पाहिला आहे. २०१० मध्ये मदर्स डेच्या दिवशी डॅलस ब्रेडननं इथेच परफेक्ट गेम टाकला, सत्तावीस बॅटर आले आणि सत्तावीस गेले. त्याची आई त्याच्या शाळेच्या वयातच कॅन्सरनं गेली होती. ज्या आजीनं त्याला वाढवलं तिला त्यानं मैदानात मिठी मारली. वानखेडेवर आपण जी मेक्सिकन वेव्ह करतो, तिच्या जन्माचा सगळ्यात ठाम दावाही कोलिसियमचाच आहे: १५ ऑक्टोबर १९८१, यांकीजविरुद्धचा सामना, आणि ढोल घेऊन लोकांना उठवणारा क्रेझी जॉर्ज.

आणि रिकी. त्यानं आयुष्यात १,४०६ बेस चोरले, म्हणजे बॅटरनं चेंडू न मारताच धावून पुढचा बेस गाठला. एकट्या १९८२ मध्ये १३०. दोन्हींच्या जवळपास आज कुणी नाही. लू ब्रॉकचा विक्रम मोडणारा ९३९वा बेस त्यानं १ मे १९९१ला याच मैदानावर चोरला, उखडला आणि डोक्यावर धरला. मैदानाला त्याचं नाव होतं. त्या गुरुवारी तो आमच्यासमोर उभा होता. तीन महिने पुरे व्हायच्या आत, २० डिसेंबर २०२४ला, तो गेला. ज्या गावानं त्याला वाढवलं, त्या गावात त्याला निरोप द्यायला त्याचा संघ उरला नव्हता.

आता खुर्च्यांकडे परत येते. तुमचा संघ सध्या वेस्ट सॅक्रामेंटोत खालच्या लीगच्या मैदानावर खेळतो. गवतावर बसणारे धरून तिथे सुमारे १४,००० माणसं मावतात. नावापुढे कुठल्याही गावाचं नाव लावलेलं नाही, नुसतं 'ॲथलेटिक्स'. लास व्हेगासमध्ये जे मैदान बांधता आहात ते ३३,००० माणसांचं. म्हणजे ओकलंडमधल्या शेवटच्या दुपारची गर्दी तुमच्या त्या नव्या, झगमगत्या मैदानात मावणार नाही. जवळजवळ १४,००० माणसं बाहेर उभी राहतील. आणि ज्या शहरातून ती आली, त्या शहराला म्हणे प्रेक्षक नव्हते!

पैशाचं तर विचारायलाच नको. ओकलंड सोडल्यावर दोन-अडीच महिन्यांत लुईस सेव्हरिनोला तीन वर्षांचे ६ कोटी ७० लाख डॉलर दिलेत. संघाच्या इतिहासातला तोवरचा सर्वात मोठा करार. जानेवारीत रूकरला लांबचा करार, मार्चमध्ये बटलरला. एवढी वर्षं जी तिजोरी रिकामी होती ती गाव सुटताच भरली कशी? तिच्यात पैसे होतेच. फक्त ओकलंडवर खर्च करायचे नव्हते. आणि मिलर? २०२५च्या जुलैअखेर त्याला सॅन डिएगोला पाठवून दिलात. सवय इतक्या लवकर सुटत नाही.

विका, विका म्हणून दोन वर्षं लोक ओरडले तेव्हा तुम्ही बहिरे झाला होतात. २०२५च्या जूनमध्ये मात्र तुमचा दुसरा संघ, सॅन होजे अर्थक्वेक्स, विकायला काढलात. म्हणजे विकता येतं. ईस्ट बेमध्ये घ्यायला आणि चालवायला माणसं आहेत: ओकलंड बॉलर्स नावाचा छोटा संघ स्थानिकांनी २०२४ मध्ये वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये उभा केला, शेकडो-हजारो लोकांनी त्यात आपले पैसे घातले. मेजर लीगच्या पैशाच्या मानानं ही चिल्लर आहे, पण ती तुम्हाला कधी मिळाली नाही अशा विश्वासानं दिलेली आहे.

माझी मागणी साधी आहे. संघ परत द्या असं मी म्हणत नाही, ते आता तुमच्याकडून होणार नाही. पण १९९६ मध्ये आर्ट मोडेलनं क्लीव्हलंडमधून आपला फुटबॉल संघ हलवला तेव्हा नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलंडलाच ठेवावे लागले. सिॲटलचा बास्केटबॉल संघ २००८ मध्ये ओक्लाहोमाला गेला, 'सुपरसॉनिक्स' हे नाव मागे राहिलं. तुमचं 'ॲथलेटिक्स' हे नाव फिलाडेल्फियाहून कॅन्सस सिटीमार्गे आलेलं आहे, ते हवं तर पुढे न्या. पण १९६८ ते २०२४ या ५७ हंगामांच्या नोंदी, चार वर्ल्ड सिरीजचे करंडक आणि रिकीचा २४ नंबर ओकलंड शहराच्या नावे लिहून द्या. लास व्हेगासच्या भिंतीवर ते टांगू नका. त्यांतला एकही तिथे जिंकलेला नाही.

कळावे.

फ्रीमाँटची एक प्रेक्षक